लेले सरांचं एरंडेलाचं रॉकेट

आमच्या शेडमध्ये मोबाईल बंद. गेटवरच्या लाकडी पेटीत ठेवायचा आणि मगच आत यायचं. आत रॉकेटचं इंधन, एक ठिणगी पुरे. आता मला सांगा, मोजून चार माणसं, दिवसभर एकाच्याही हातात मोबाईल नाही, आणि ओव्हनमधलं सॅम्पल घट्ट व्हायला अख्खा आठवडा! माणसं करणार काय? बोलणार. बोलून बोलून एकमेकांच्या घरातल्या भांड्यांचे पोचेसुद्धा पाठ झालेत. कॉलेजात मी मोबाईल घेऊन मागच्या बाकावर बसलेलो, तिथला एक किस्सा धड आठवत नाही. इथले मात्र इतके साठलेत की रात्री कूस बदलली तरी एखादा खाली पडतो.

सगळे सांगत नाही. लेले सरांचेच सांगतो. हसण्यासारखे आहेत. म्हणजे, होते.

*

ठाण्यात कोलशेतला टॉवरांच्या पाठीमागे, खाडीच्या अंगाला आमची शेड. मी तिथे लागलो तो ड्रायव्हर म्हणून. सर डोंबिवलीचे, मीही डोंबिवलीचा. कंपनीचे मालक कारखानीस साहेब म्हणाले, "सरांना रोज आणायचं, सोडायचं, आणि मधल्या वेळात ते सांगतील ते करायचं." हे कारखानीस एकेकाळी सरांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून सरांना ते अजून नुसते 'सुधीर' आणि 'तू'. आता सूट घालतात.

पहिल्या दिवशी सरांनी माझी मुलाखत घेतली. पांढरा सुती शर्ट, शुद्ध मराठी, बाकी सगळ्यांना 'तुम्ही'.

"इंजिनिअरिंग का सोडलंत?"

मी म्हटलं, "शिकवणाऱ्यांना काही येत नव्हतं."

घरी हे वाक्य बोललो तेव्हा वडिलांनी चप्पल काढलेली. सरांनी चष्मा काढून पुसला. "आणि तुम्हाला?"

"मलाही नाही."

"मग दोन्ही बाजू सारख्याच होत्या की! सोडलंत कशाला?"

त्याच दिवशी त्यांनी मला रॉकेट समजावलं. तीन वर्षांत कोणी समजावलं नव्हतं असं. "चिक्की खाता ना? दाणे म्हणजे ऑक्सिडायझर, जळायला ऑक्सिजन देणारं मीठ. गूळ म्हणजे बाइंडर, ते मीठ धरून ठेवणारं रबर. ही चिक्की एका नळीत भरायची, मागे भोक ठेवायचं आणि पेटवायची. झाली रॉकेटची मोटर."

जगभर यातले दाणे एकच, परक्लोरेट. जळतं झकास, पण जळताना हवेत अ‍ॅसिड सोडतं, आणि प्यायच्या पाण्यात उतरलं तर माणसाच्या थायरॉइडच्या मागे लागतं. सरांची सगळी सरकारी नोकरी त्या परक्लोरेटवर गेलेली. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात. हे क्लोरीन नसलेले दाणे आणि पेट्रोलियम नसलेला गूळ शोधत बसले.

"आयुष्यभर हवेत अ‍ॅसिड सोडलं," सर म्हणाले. "आता एकच मोटर अशी पेटलेली बघायची आहे, की शेजारच्या गवतालाही कळता कामा नये."

एकच. जास्त काही मागतच नव्हते.

*

गुळाचं काम नयनाकडे. नयना तांडेल, केमिस्ट्रीची एमएस्सी, इथल्याच कोळीवाड्यातली. माझ्यापेक्षा पाचएक वर्षांनी मोठी, मला 'निख्या' म्हणते. तिचा गूळ एरंडेलाचा. हो, तेच एरंडेल, लहानपणी नाक दाबून पाजतात ते. त्यात घट्ट करणारं रसायन घातलं की मस्त रबर होतं.

तिने घरी हे सांगितलं तर तिची आई भाकरी थापता थापता थांबली. "रॉकेटला एरंडेल पाजतेस? मंग त्यो वर जाल का खाली?"

पण एरंडेलाच्या रबराचा एक शत्रू आहे, पाणी. हवेतला ओलावा शिरला की आत बुडबुडे धरतात. पावसाळ्यात नयनाने पहिलं मोठं सॅम्पल ओव्हनमधून काढलं, आणि आम्ही बघतच राहिलो. दुप्पट फुगलेलं, जाळीदार, वरून सोनेरी. नुसती फोडणी घालायची बाकी होती!

नेमके त्याच वेळी कारखानीस साहेब पाहुणे घेऊन आले. पैसे लावणारे पाहुणे. त्यातल्या एकाने विचारलं, "हे ढोकळ्यासारखं काय आहे?"

साहेबांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. "ही आमची फोम टेक्नॉलॉजी."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकाने तर फोटोसाठी खिसा चाचपला, मग आठवलं, मोबाईल पेटीत. तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला, "सुधीर, फसलंय. पाणी शिरलंय. पाहुण्यांना चहा दे आणि खरं सांग."

साहेबांनी चहा दिला!

*

दाण्यांची तऱ्हा वेगळीच. परक्लोरेटच्या जागी सरांनी जे नायट्रेटचं मीठ धरलं ते भयंकर तहानलेलं. खाडीची हवा लागायचा अवकाश, मीठ घामाघूम. खोलीला एसी, हवा सुकवणारं मशीन, दाराला दोन-दोन पडदे, तरी सकाळी बघावं तर बाटलीत लगदा! नयना वैतागून म्हणायची, "आमच्या बाबांचे बोंबील परवडले. त्यांना निदान ऊन दाखवलं की ऐकतात."

सर मात्र शांत. लगदा झाला की टाकून द्यायचे, परत सुरुवात. वैतागताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. चिडले ते एकदाच, आणि तेही एका चित्रावरून.

साहेबांनी प्रेझेंटेशन केलेलं. त्यात रॉकेटला दोन्ही बाजूंनी पानं फुटलेली, वर एक पक्षी, आणि खाली अक्षरं, 'संपूर्ण हिरवं इंधन'. माणसाला लाज कशी वाटत नाही?

सर ते चित्र बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "सुधीर, हे हिरवं नाही. हे कमी काळं आहे. तेवढंच लिही."

"सर, 'कमी काळं' म्हटल्यावर पैसे कोण देणार?"

"मग नाही देणार. पण पक्षी काढ. तो बिचारा आपल्या मोटरजवळ कशाला येईल?"

*

आता जरा वेगळं सांगतो.

मिक्सर रूमच्या दाराशी आमच्याकडे तांब्याची पट्टी ठोकलेली आहे. जमिनीत अर्थिंग केलेली. आत जाण्याआधी तिला पंजा टेकवायचा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. देवळात घंटा वाजवतात तशी सवय. विसरायला होतच नाही.

एक दिवस सर पट्टीला हात लावून आत गेले, लगेच बाहेर आले, परत हात लावला. आत गेले. परत बाहेर. चौथ्यांदा मी ओरडलो, "सर, पट्टी झिजेल!" नयना खो खो हसली. सरही हसले. "झिजू दे हो, कंपनीची आहे."

आम्ही महिनाभर तो जोक चालवला. सर दाराशी गेले की मी मोजायचो आणि नयना टाळ्या वाजवायची. आम्हाला वाटलं, म्हातारा वयाप्रमाणे जास्त काळजी घेतोय.

मग एकदा त्यांना घरी सोडायला गेलेलो, तर लेले काकूंनी पोहे पुढे केले आणि सहज म्हणाल्या, "हल्ली स्वयंपाकघरात येताना बेसिनच्या नळाला हात लावून येतात. जन्मात कधी देवाला हात जोडले नाहीत, आता नळाला नमस्कार चाललाय."

त्याही हसत होत्या. पण पोह्यांची वाटी माझ्याकडे सरकवताना तव्याला बोट लागावं तशी त्यांची नजर चटकन मागे वळली, सर ऐकतायत का बघायला.



*

शीळफाट्याला आम्ही अडकलेलो. नेहमीप्रमाणे. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे आमची छोटीशी व्हॅन.

"निखिल, आपण कुठे चाललो आहोत?"

"कोलशेतला, सर. शेडवर."

"अच्छा."

गाडी दोन हात पुढे सरकली.

"निखिल, आपण कुठे चाललो आहोत?"

"कोलशेतला, सर."

उकाडा, हॉर्न, बाजूच्या रिक्षावाल्याच्या शिव्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं सटकलं. मी स्टिअरिंगवर हात आपटला. "कोलशेत! कोलशेत! किती वेळा सांगू?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, दुखावले. मग अगदी लॅबमध्ये रिझल्ट तपासतात त्या आवाजात म्हणाले, "तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर आलं. रिपीटेबिलिटी उत्तम आहे तुमची. माझीच बिघडली आहे."

पुढचा कंटेनर हलला. मागचा हॉर्न वाजवतोय, आणि मला क्लच सापडेना.

*

त्यांना माहीत होतं, एवढं त्या दिवशी मला कळलं. पण किती माहीत होतं ते नाही.

मग ती मिक्सरच्या कढईची गोष्ट झाली. एरंडेलाच्या रबरात घट्ट करणारं रसायन एकदाच घालायचं असतं. त्या दिवशी नयना बाजूच्या खोलीत वजनं करत होती. सरांनी रसायन घातलं, आणि थोड्या वेळाने परत घातलं. चिक्की कढईतच आवळली! आत फिरणारं पातं अडकलं. आणि ही चिक्की साधी नाही, घासली तर पेटणारी. नयनाने लाल बटण दाबलं, सगळ्यांना बाहेर काढलं. नशीब, काही झालं नाही. नुसतं नशीब!

सर बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून विचारत होते, "कोणाच्या हातून झालं?"



साहेबांनी मला आणि नयनाला ऑफिसात घेतलं, दार लावलं. "हे बाहेर जाता कामा नये. स्फोटकांच्या परवान्यावर सरांचं नाव आहे. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, हे वाढत जाणार. काकूंना माहीत आहे, मला माहीत आहे. त्यांना सांगितलेलं नाही. मोटर होईपर्यंत सांभाळून घ्या."

नयनाने हातमोजे टेबलावर टाकले. "साहेब, तुम्हाला माहीत होतं? आणि आम्ही आत त्यांच्या शेजारी उभे राहत होतो?"

"अगं, त्यांना सांगायचं कसं? वाईट वाटेल त्यांना."

माझा तोल गेला. गेला तर गेला. "वाईट वाटेल? तुमच्या अख्ख्या पिढीचं हेच! माणूस मेला तरी चालेल, त्याला वाईट वाटता कामा नये! त्यांच्या नावाचा बोर्ड हवा, त्यांचं नाव कागदावर हवं, आणि त्यांना सांगायला तुमची जीभ रेटत नाही?"

"तू मला शिकवू नकोस. थर्ड इयरला नापास झालेला पोरगा तू!"

"नापास नाही, सोडलंय! नापास तुम्ही झालात!"

"निखिल."

दार कधी उघडलं कळलं नाही. सर उभे. "आवाज खाली. मिक्सर रूमजवळ ओरडत नाहीत."

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागले. सर आत आले, पण बसले नाहीत.

"आजपासून मी त्या खोलीत जाणार नाही," ते म्हणाले. "नयना, परवान्यावर तुमचं नाव येईल तसं करा. सुधीर, तू ते करून दे. मी जायला लागलो तर मला अडवा. फक्त, का अडवताय ते सांगू नका." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कारण मला ते रोज नव्यानं ऐकावं लागेल."

*

तर मग रोजचं अडवणं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले, पंजा पट्टीला टेकवला आणि दाराकडे निघाले. एवढी जीभ चालते माझी, आणि मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

नयना पुढे झाली. "सर, मिक्सिंग चालू असताना आत दोघंच चालतात. आम्ही दोघं आहोत."

हा नियम सरांचाच. जितकी माणसं कमी, तितकं नुकसान कमी, म्हणून त्यांनीच केलेला. सर तिथल्या तिथे थांबले.

"बरोबर. तिसरा माणूस नको. कोणीही असो." आणि खुर्चीत जाऊन बसले.

रोज सकाळी हेच. रोज नयना तेच वाक्य बोलायची, आणि रोज सर तितक्याच समाधानाने मान डोलवायचे, की वा, पोरं नियम पाळतायत! एकदा तर खुश होऊन मला म्हणाले, "या मुलीकडून शिका. मलासुद्धा सोडलं नाही तिनं!"

नयना आत जाऊन मिक्सरच्या खोलीत रडायची. तिथे सरांना आवाज जात नाही.

आता आम्हा सगळ्यांना एकच पडलेली. मोटर सरांच्या डोक्यात आहे तोवर पेटली पाहिजे. काही दिवस ते आल्या आल्या विचारायचे, "घट्ट झालं का?" काही दिवस "काय घट्ट होतंय?" आणि काही दिवस नुसतेच खाडीकडे बघत बसायचे. साहेबसुद्धा सूट सोडून रोज शेडवर यायला लागले. पाहुणे आणणं बंद, चित्रं बंद. गप्प बसून हवा सुकवणाऱ्या मशीनमधलं पाणी स्वतः उचलून बाहेर ओतायचे. त्यांना मी माफ केलं नाही. पण बादली पकडायला लागलो.

आणि एका आठवड्यात जमलं. मीठ कोरडं राहिलं, एरंडेल फुगलं नाही. नयनाने मोटर कापडात गुंडाळून अशी उचलली, जसं बारशाचं बाळ.

*

आता शेवटचा.

आमची टेस्टिंगची जागा शीळफाट्याच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या खाणीत. तिन्ही बाजूंनी कातळ, मधे लोखंडी स्टँडवर मोटर आडवी बांधायची, तिला पेटवणारा छोटा इग्नायटर आत बसवायचा, आणि आपण लांब वाळूच्या पोत्यांमागे. काकूंनी सरांना इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलेलं, हातात डबा. सर त्या दिवशी लख्ख होते. वाटेत एकदाही विचारलं नाही, कुठे चाललोय म्हणून. उलट मलाच सांगत होते, नायट्रेटचे दाणे कसे चाळले, एरंडेल कुठल्या गिरणीचं आणलं. सगळं पाठ! मला वाटलं, आज देव म्हणून जे काही असेल ते आपल्या बाजूने आहे.

नयनाने मोठ्याने उलटे आकडे मोजले आणि बटण दाबलं.

फाडकन आवाज. मोटरच्या मागून स्वच्छ, सरळ ज्वाळा, पिवळी, हातभर लांब. कातळावरून आवाज उलटा आला. दोन-तीन श्वास घेईपर्यंत चाललं, आणि संपलं.

आणि मग समोर काहीच नाही! परक्लोरेटची मोटर असती तर दमट हवेत पांढऱ्या धुराचा हा मोठा लोट उठला असता, नाकात अ‍ॅसिड झोंबलं असतं, समोरचा कातळ दिसेनासा झाला असता. मी तसल्या जुन्या टेस्टचे व्हिडिओ पाहिलेत. इथे कातळावरची भेगन्‌ भेग दिसत होती. नयनाने माझ्या पाठीत गुद्दा मारला. "निख्या, जळली रे! पूर्ण जळली!" कारखानीस साहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, डोळे भरलेले.

"टाळ्या बंद!"

सर. एवढा खणखणीत आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. दोन्ही हात आडवे पसरून ते आमच्या आणि मोटरच्या मधे उभे राहिलेले.

"कोणी पुढे जायचं नाही. धूर कुठे आहे? धूर नाही, वास नाही. नुसता इग्नायटर पेटलाय. मोटर पेटलेलीच नाही. मिसफायर आहे हा!"

मिसफायरचा नियम जगभर एकच. पेटवलेली मोटर पेटली नाही, तर ती कधीही पेटू शकते. अर्धा तास कोणी तिच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही.

समोर स्टँडवर मोटर, मागचं भोक काळं पडलेलं, नळी रिकामी. इथून दिसत होतं.

नयनाने माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे. कोणालाही तोंडावर काहीही बोलणारा मी. तोंड उघडलंही होतं.

साहेब खाली बसले. पांढऱ्या पँटनिशी, खाणीच्या त्या धुळीत, पोत्याला टेकून. "हो सर," ते म्हणाले. "अर्धा तास."

मग नयना बसली. मग मी.

सर बसले नाहीत. डोळ्यांवर हात धरून मोटरकडे बघत उभे राहिले. मधेच वळून साहेबांना म्हणाले, "सुधीर, तोंड पाडू नकोस. पहिल्या वेळी असंच होतं. आपण परत करू."

"हो सर. परत करू."

नयनाने गुडघ्यांत तोंड घातलेलं. तिच्या पायाचा अंगठा पोत्यापुढे आलेला सरांना दिसला.

"अहो, मागे सरका," ते म्हणाले. "आत सगळं जसंच्या तसं आहे अजून."

आम्ही मागे सरकलो.